भार टेकतो कोठे?

व्यायामशाळेत नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुणाचे लक्ष सर्वप्रथम जर कशाकडे जात असेल, तर ते दांड्याच्या दोन्ही टोकांना चढवलेल्या लोखंडी तबकड्यांकडे. आणि त्या तबकड्यांवरचे आकडे दर आठवड्यास कसे वाढतील या विवंचनेत तो इतका गढून जातो की, तो सगळा भार प्रथम ज्याच्या अंगावर येतो त्या तळहाताकडे, आणि त्याच्या लगतच्या मनगटाकडे, पाहण्याची फुरसत त्याला सहसा मिळत नाही. बाकावर उताणे निजून दांडा छातीवरून वर ढकलीत असता त्याची मनगटे मागे मोडून पडलेली असतात, बोटे डोक्याच्या दिशेने कललेली असतात, आणि तरीही दांडा वर जातो एवढ्यावर तो समाधान मानतो. पुढे काही महिन्यांनी मनगटात कळ येऊ लागली म्हणजे तो बाजारातून पट्टा आणून ती जागा आवळून बांधतो आणि पूर्वीचीच रीत निर्धास्तपणे चालू ठेवतो. शिकवणारेही पुष्कळदा 'मनगट सरळ ठेव' एवढा हुकूम सोडून मोकळे होतात. हा हुकूम खोटा नव्हे, पण अपुरा आहे खास. कारण मनगट सरळ राहणे वा न राहणे हे दांडा तळहाताच्या नेमक्या कोणत्या भागावर टेकला आहे यावर बव्हंशी ठरते, आणि तो कोणत्या भागावर टेकावा हे आपण भार ढकलणार आहोत की ओढणार आहोत, यावर अवलंबून असते.

मनगट म्हणून आपण ज्याला ओळखतो तो बिजागरीसारखा एकेरी सांधा नव्हे. आठ लहान लहान हाडे दोन ओळींत एकमेकांस चिकटून बसलेली असतात, त्यांना अस्थिबंधांच्या चिवट पट्ट्यांनी सर्व बाजूंनी जखडलेले असते, आणि या समूहास शरीरशास्त्रज्ञ मणिबंध असे नाव देतात. कोपरापासून खाली येणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाशी येता येता रुंद होते, तर करंगळीच्या बाजूचे निमुळते होत जाते. त्यामुळे हात सरळ रेषेत असता तळहाताकडून येणाऱ्या भाराचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा अंगठ्याकडील हाड पत्करते आणि उरलेला एक-पंचमांश, मध्ये असलेल्या कूर्चेच्या त्रिकोणी गादीतून, करंगळीकडील हाडाकडे जातो. ही वाटणी हात सरळ असेतोवरची. पंजा करंगळीच्या बाजूस झुकला की त्या बाजूच्या हाडाचा वाटा वाढतो आणि ती नाजूक गादी चेपली जाऊ लागते. भार पेलणाऱ्या पुष्कळांची तक्रार करंगळीकडच्याच बाजूची असते, तिचे एक मूळ येथे आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बोटे मिटवणारे बलवान स्नायू बोटांत नसतात, तळहातातही नसतात. ते कोपराखालच्या मांसल भागात असतात, आणि त्यांच्या लांबच लांब कंडरा मनगटावरून पुढे जाऊन बोटांच्या पेरांना मिळतात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे व एक जाड पट्टा यांच्या दरम्यान जो अरुंद बोगदा आहे, त्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू अशी दाटीवाटीने वाट काढतात. याचा अर्थ असा की, मुठीची ताकद आणि मनगटाची स्थिती यांना एकमेकांपासून फारकत देता येत नाही. वाचकाने या क्षणी मनगट आतल्या बाजूस, म्हणजे तळहात अग्रबाहूकडे येईल असे, शक्य तितके वाकवावे आणि त्या स्थितीत मूठ घट्ट आवळून पाहावी. मूठ पुरती मिटतच नाही. स्नायू अगोदरच आखडून बसल्यामुळे त्यांना ओढण्यास जागा उरलेली नसते. आता मनगट किंचित मागे, वीस ते तीस अंश, न्यावे. मूठ आपोआप कसली जाते. मुठीची सर्वांत मोठी ताकद या थोड्या मागे कललेल्या स्थितीतच असते, तेव्हा पट्टी लावून मोजल्याप्रमाणे काटेकोर सरळ मनगटाचा आग्रह धरणारे शिक्षक निसर्गाहून एक पाऊल पुढे गेले आहेत असेच म्हणावे लागते. हरकत आहे ती अतिरेकाला, सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत मागे मोडून पडलेल्या मनगटाला.

ही हरकत कशासाठी, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. साठ किलोंचा दांडा दोन्ही हातांत विभागला की प्रत्येकाच्या वाट्यास तीस किलो येतात. दांडा अग्रबाहूच्या हाडांच्या बरोबर माथ्यावर टेकला असेल, तर हे तीस किलो हाडांतून सरळ कोपराकडे उतरतात आणि मनगट सावरण्यासाठी स्नायूंना नाममात्र श्रम पडतात. परंतु तोच दांडा तळहाताच्या वरच्या भागात, बोटांच्या मुळांशी धरला आणि त्यामुळे मनगट मागे मोडले, तर भाराची रेषा सांध्याच्या मध्यापासून समजा पाच सेंटिमीटर मागे सरकते. तरफेच्या नियमाने आता तीस गुणिले पाच, म्हणजे दीडशे, इतका हिशेब मनगटाला चुकता करावा लागतो. आणि तो चुकता करणाऱ्या कंडरा सांध्याच्या मध्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटर अंतरावरून जात असल्याने, त्यांना शंभर किलोंच्या घरातली ओढ लावणे भाग पडते. दांड्यावर साठच किलो, एका हातात तीसच, आणि मनगटाच्या आत मात्र शंभराची ओढाताण! शिवाय स्नायूंना हा हिशेब भागवता आला नाही म्हणजे सांधा आपल्या मर्यादेपर्यंत मागे जाऊन अस्थिबंधांवर लटकतो, आणि अस्थिबंध व कंडरा बळकट होण्याची गती स्नायूंच्या मानाने पुष्कळच मंद असल्यामुळे, दंड व छाती महिन्या-दोन महिन्यांत जो भार पेलण्यास तयार होतात त्यास मनगटाची संमती मिळालेली असतेच असे नाही.

तेव्हा ढकलण्याच्या सर्व प्रकारांत, बाकावर निजून असो वा उभ्याने खांद्यावरून डोक्यावर असो, दांडा तळहाताच्या मुळाकडे, मनगटाच्या शक्य तितक्या निकट टेकवावा. याची एक सोपी कृती आहे. दांड्याखाली हात नेल्यावर पंजा किंचित आतल्या बाजूस वळवावा, असा की अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातून निघून करंगळीखालच्या मांसल उंचवट्याकडे तिरपी जाणारी रेषा दांड्यावर येईल. प्रथम तळहाताचे मूळ दांड्याला भिडवावे, नंतर बोटे वळवावीत आणि सर्वांत शेवटी अंगठा भोवती घ्यावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आधी बोटांनी दांडा पकडतात आणि मग तळहात जेथे पोचेल तेथे पोचू देतात, आणि अशा रीतीने धरलेला दांडा रॅकवरून उचलताक्षणीच मागे लोळतो व मनगटाला घेऊन जातो. पकड योग्य बसली की मुठीवरची उठलेली हाडे छताकडे पाहतात. ती भिंतीकडे किंवा आपल्या डोक्याकडे पाहू लागली तर दांडा खाली ठेवून पुन्हा धरावा, ओढूनताणून मनगट सरळ करीत बसू नये.

दोन हातांमधील अंतराचाही येथे संबंध येतो. दांडा छातीला टेकलेला असता पुढून पाहिले तर कोपर मनगटाच्या बरोबर खाली असावे, म्हणजे अग्रबाहू ओळंब्यात उभा राहतो. हात फार जवळ घेतले की मनगटे करंगळीच्या बाजूस वाकतात आणि फार दूर नेले की अंगठ्याच्या बाजूस. शक्तिउत्तोलनाच्या स्पर्धांत दोन तर्जन्यांमधील अंतर ८१ सेंटिमीटरांहून अधिक असू नये असा दंडक आहे, आणि दांड्यावर त्या मापाच्या खुणाही कोरलेल्या असतात. परंतु ती स्पर्धेची कमाल मर्यादा आहे, प्रत्येकासाठी नेमून दिलेली जागा नव्हे, हे ध्यानात न घेता सव्वापाच फूट उंचीचा मुलगाही बिनदिक्कत त्याच खुणेवर बोट ठेवून निजतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, दांड्याला वेढा न घालता ढकलण्याची जी टूम आहे, तिच्याबद्दल मतभेदास जागा आहे असे मला वाटत नाही. ती पकड मनगटाला सोयीची वाटते हे खरे. परंतु दांडा निसटून गळ्यावर वा छातीवर येण्यास तेथे कोणताच अटकाव नसतो, आणि शक्तिउत्तोलनाच्या नियमांनीही बाकावरील प्रकारात अंगठ्याचा वेढा सक्तीचा केलेला आहे. सोय हवी असेल तर ती वर सांगितलेल्या तिरप्या पकडीने अंगठा वेढूनही मिळते.

आता ओढण्याकडे वळू, कारण येथे सारा न्याय उलटा होतो. जमिनीवरून दांडा उचलताना तो तळहाताच्या मध्यावर किंवा मुळाशी धरला, तर भार खालच्या दिशेस ओढीत असल्यामुळे तो आज ना उद्या बोटांकडे घसरणारच. घसरताना तळहाताची कातडी आपल्यापुढे लोटीत नेतो, तिची वळी पडते, घट्टे उठतात, आणि एखादे दिवशी घट्टा मुळापासून फाटून रक्त येते. म्हणून जेथे तो अखेर जाऊन थांबणार, त्या बोटे व तळहात यांच्या सांध्यावरच त्याला पहिल्यापासून ठेवावे. मनगटाने येथे काहीही करू नये. विहिरीतून भरलेला पोहरा वर येत असता दोर जसा ताणलेला परंतु स्वतःहून निश्चेष्ट असतो, तसे खांद्यापासून मुठीपर्यंत सर्व बाहूने राहावे. मनगट आत वळवून भाराला 'मदत' करण्याची जी हौस नवशिक्याला असते तिने मदत तर होत नाहीच, उलट मघाशी पाहिल्याप्रमाणे मूठ सैल पडते.

मुठीतून दांडा फिरून निसटू नये यासाठी उत्तोलकांनी दोन तोडगे काढले आहेत. एकात एक तळहात आपल्याकडे व दुसरा समोर असतो, त्यामुळे दांड्याची फिरण्याची प्रवृत्ती दोन्हींकडून परस्पर रोखली जाते. हा तोडगा गुणकारी आहे, मात्र ज्या हाताचा तळवा समोर असतो त्याचे कोपर भार उचलताना जराही वाकलेले असेल, तर दंडाच्या पुढल्या स्नायूची कोपराशी असलेली कंडरा तुटण्याचा धोका संभवतो. तेव्हा तो हात अगदी लांब सोडलेला असला पाहिजे. दुसरा तोडगा ऑलिंपिक पद्धतीच्या उत्तोलकांचा. ते अंगठा प्रथम दांड्याला समांतर लपेटतात आणि तर्जनी व मध्यमा त्याच्यावरून घेऊन त्यास दांड्याशी दाबून धरतात. पहिले काही आठवडे अंगठा इतका दुखतो की ही युक्ती कोणी शत्रूने शोधली असावी असे वाटते; नंतर सवय होते, आणि अग्रबाहूवर अकारण ताण न येता पकड पक्की राहते. पुरुषांच्या स्पर्धेतील दांडा २० किलोंचा व धरण्याच्या जागी २८ मिलिमीटर जाड, तर स्त्रियांचा १५ किलोंचा व २५ मिलिमीटर जाड असतो, त्यामागे हाताच्या आकारमानाचाच विचार आहे.

जाडीचे महत्त्व किती, याचा एक मासला इंग्लंडच्या मल्लविद्येच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस इंच नावाचा एक बलवान पुरुष आपल्याजवळचे एक डंबेल एका हाताने उचलून दाखवीत असे आणि प्रेक्षकांना तसे करण्याचे आव्हान देत असे. डंबेलचे वजन १७२ पौंड, म्हणजे ७८ किलो. त्याहून दुप्पट भार दोन हातांनी सहज उचलणारे गडी त्यापुढे हात टेकीत, कारण त्याची मूठ सुमारे सहा सेंटिमीटर जाड होती आणि बोटांची टोके अंगठ्याला भिडतच नसत. हा दाखला मी अशासाठी देतो की, हाताचे रक्षण व्हावे म्हणून जाड गादीचे हातमोजे घालून व्यायाम करणाऱ्यांनी त्यावर विचार करावा. मोज्याने कातडी वाचते, पण दांडा तितका जाड होतो, पकड तितकी दुबळी होते आणि दांडा तळहातात कोठे टेकला आहे याची जाणीवच बुजते. घाम टिपण्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड पुरेशी आहे.

येथवर सांगितलेल्या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते पाहून पुष्कळांची गफलत होते. 'क्लीन' या प्रकारात दांडा खांद्यावर येऊन थांबतो तेव्हा उत्तोलकाची मनगटे पुरती मागे मोडलेली दिसतात. दिसतात हे खरे, परंतु त्या क्षणी भार मनगटावर नसतोच. तो खांद्यांच्या पुढल्या स्नायूंवर व गळ्याच्या हाडांलगत विसावलेला असतो, आणि बोटांची टोके त्याला केवळ अडकवून धरतात. अट एकच, कोपरे उंच व पुढे असली पाहिजेत. ती खाली पडली की भार खांद्यावरून उतरून थेट मोडलेल्या मनगटावर येतो, आणि खोल बैठकीत कोपर गुडघ्यावर आपटले तर मनगटाच्या हाडांवर भयंकर प्रसंग ओढवतो. स्पर्धेच्या नियमांत कोपर वा दंड मांडीला किंवा गुडघ्याला लागणे हा दोष गणून तो प्रयत्न रद्द ठरवतात. दुसरा अपवाद 'स्नॅच'चा. तेथे डोक्यावर रुंद हातांनी दांडा तोलताना मनगट मुद्दाम थोडे मागे बसवतात, जेणेकरून भाराची रेषा अग्रबाहूवरून खांद्यात उतरावी. परंतु ही रीत वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने कमावलेली असते, आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्या गृहस्थाने ती चित्रफीत पाहून उचलावी यात शहाणपण नाही. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले, ते दुसऱ्या प्रयत्नात कोपरास इजा झाल्यामुळे. त्या इजेचा मनगटाशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही; इतक्या कसलेल्या हातालाही स्पर्धेच्या भारापुढे गफलतीची मुभा किती थोडी असते, एवढेच त्यावरून दिसते.

डंबेलची गोष्ट निराळी व पुष्कळशी सुखाची आहे. दोन तळहात एकमेकांकडे करून, हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा तशा स्थितीत ते धरता येतात, आणि ज्यांचे मनगट सरळ दांड्याला नाखूश असते त्यांनी हाच मार्ग धरावा. दंडाच्या व्यायामास नागमोडी दांडा वापरतात तोही याच कारणाने, सरळ दांडा हाताला संपूर्ण उताणा होण्यास भाग पाडतो. जोर काढताना किंवा सूर्यनमस्कारात मनगट जवळजवळ काटकोनात मागे जाते आणि देहभाराचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा दोन हातांवर येतो. ज्यांना तेथे दुखते त्यांनी दोन विटांवर किंवा मुठीत धरण्याजोग्या लाकडी ठोकळ्यांवर जोर काढावेत, म्हणजे मनगट सरळ राहते.

मनगटाला बळकटी आणण्याचा प्रश्न आला की आपल्या तालमींतल्या मुद्गलांची व करेलांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मुद्गल येथून उचलून विलायतेस नेले, तेथे त्याच्या कवायती बसवल्या गेल्या, आणि १९०४ व १९३२ या दोन ऑलिंपिक स्पर्धांत मुद्गल फिरवण्याचा स्वतंत्र प्रकारही होता. जड दांडा पेलताना मनगटाने निश्चल राहायचे असते, तर मुद्गल फिरवताना त्याला बेताच्या भाराखाली सर्व दिशांनी फिरायचे असते. जो हात दुसरे काम नित्य करतो तो पहिले काम अधिक चोख करतो. आठवड्यातून दोनदा हलका मुद्गल किंवा हलके डंबेल घेऊन मनगट पुढे-मागे आणि आजूबाजूस सावकाश हलवण्याचा परिपाठ ठेवला तर पट्ट्याची गरज फारच थोड्यांना पडेल. पट्टा बांधायचाच तर तो जड उत्तोलनापुरता बांधावा, सांध्याच्या खाली हौसेचे कडे म्हणून न बांधता सांध्यावरून दोन्हीकडे जाईल असा बांधावा, आणि दोन फेऱ्यांच्या दरम्यान सैल करावा.

दुखण्याच्या बाबतीत थोडा तपशील आवश्यक आहे. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत मुंग्या येणे, विशेषतः रात्री, हे मघाच्या अरुंद बोगद्यातील मज्जातंतू दबल्याचे लक्षण असू शकते. अनामिका व करंगळी बधिर होत असतील तर तळहाताच्या मुळाशी करंगळीकडून जाणाऱ्या दुसऱ्या मज्जातंतूवर दाब येत असावा. दोन्हींकडे हयगय करू नये. तोल जाऊन पसरलेल्या हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, तपकीर ओढणारे जेथे तपकीर ठेवतात त्या खळग्यात, दाबल्यावर दुखत असेल तर नावेच्या आकाराचे लहान हाड मोडलेले असण्याचा संभव असतो. या हाडाला रक्तपुरवठा पुढच्या टोकाकडून होतो, त्यामुळे ते मध्ये मोडले तर मागचा तुकडा रक्तावाचून राहतो व जुळण्यास फार विलंब लागतो. शिवाय पहिल्या क्ष-किरण चित्रात ही मोड पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा चित्र घ्यावे लागते.

राहता राहिली तपासणी. व्यायामशाळांतून भिंतभर आरसे लावण्याची जी चाल पडली आहे ती या कामी निरुपयोगी आहे. समोरच्या आरशात मनगट डावीकडे वा उजवीकडे झुकलेले दिसते, पण मागे मोडलेले मनगट दिसत नाही, आणि बाकावर निजलेल्याला तर आरसाच दिसत नाही. तेव्हा एखाद्या सोबत्याला बाजूस उभे करावे, किंवा कोणाकडून मोबाइलवर बाजूने छायाचित्र काढून घ्यावे, आणि तेही तबकड्या न लावलेल्या नुसत्या दांड्याने. दांडा, मनगट आणि कोपर ही तिन्ही एका उभ्या रेषेत आली की मगच पहिली तबकडी चढवावी. वस्तादांना व प्रशिक्षकांनाही विनंती हीच, की मुलगा किती किलो उचलतो हे समोरून मोजण्यापूर्वी तो ते कसे धरतो हे एकवार बाजूने पाहावे.